गोळ्यांचं पोट

नांदे
५ डिसेंबर २००६

गौतमे,

भावकीतल्या भऱ्याच्या लग्नातनं आल्यापास्नं तू माज्या डोळ्यापुढनं हलंना, म्हनून वहीतलं पान फाडून लिवाय बसले. मांडवात तुज्याशी बोलले न्हाई, त्याचा राग धरू नको. मालक पाठीशीच हुबं व्हतं. माजा भाऊ गेल्यापास्नं म्हायेरची पायरी चढायची न्हाई, आसं त्यांनी मला बजावलंय, तुला ठावंच हाय. चंद्रकांतला कावीळ झाली व्हती आसं आपन जगाला सांगितलं, पन नवऱ्यापास्नं काय लपतंय? तुज्या हातचं पानी प्यालं तरी तो आजार आमच्या घरात यील, आसं त्यांस्नी वाटतंय. मी लई समजावलं. डोक्यात शिरत न्हाई.

आता खरं सांग, तू जेवतीस का न्हाई? तुजं गाल कुटं गेलं? भावासाठी तुला मीच बघून आनली, आन गाल बघूनच आनली व्हती. परवा बघितलं तर गालाच्या जागी नुसतं खड्डं, कानशिलं बसल्याली, दंडाच्या शिरा दोरीवानी वर आल्यात. चंद्रकांत जायच्या आदी असाच दिसत व्हता. मांडवातल्या बायकांनी त्यालाबी बघितलंय आन तुलाबी बघितलं. येक बाई दुसरीला कोपरानं ढोसत व्हती, ते मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं. मानसाचं तोंड बघून मानसं आजार वळखत्यात, गौतमे. येकदा का कुनाच्या ध्यानात आलं, तर तुला गावात ऱ्हानं मुश्कील हुईल, आन माज्या म्हातारीलाबी.

तवा माजं ऐक. भैरूच्या दूधगाडीत डबा धाडतीया. डिंकाचं लाडू हायेत, तुपाला आन गुळाला हात आखडला न्हाई. सकाळी खा, सांजच्याला खा, मधी भूक लागली तरी खा. संपलं की डबा परत धाड, मी भरून दीन. आई वाटा मागंल, तिला यखादाच दे.

फोन करू नको. तुमच्या तितला फोन दुकानात, सारं गाव ऐकतंय, आन हितला मोबाईल मालकांच्या खिशात. पत्र जान्हवी मॅडमच्या नावानं टाक. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हाती, लातूरकडची हाय, हिंजवडीत कंपनीत जाती. तोंडाची घट्ट हाय.

गाल भरलं पायजेत.

तुजी
अनसूया


रिहे
१६ डिसेंबर २००६

वन्संना गौतमीचा नमस्कार.

तुमचा डबा पोचला आणि पत्रही पोचलं. लाडू फार चांगले झाले आहेत. आईंनी पहिला खाल्ला आणि म्हणाल्या, माझ्या लेकीचा हात अजून तसाच आहे. मग पदरानं डोळे पुसले. तुम्ही मांडवात बोलला नाहीत याचा मला राग नाही. तुमच्या घरचं मला माहीत आहे.

मी जेवते, वन्सं. पोटभर जेवते. यंदा लावणीला आणि कापणीलाही मी कुणाच्या मागे राहिले नाही. शनिवार-रविवार अण्णासाहेबांच्या फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. पुण्याहून पाहुणे येतात, त्यांच्यासाठी चुलीवरच्या भाकऱ्या माझ्याच हातच्या लागतात. गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही ताप आला नाही. सकाळची एक, संध्याकाळची एक, कधी चुकवली नाही. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या अंगातल्या, आजाराशी लढणाऱ्या पेशी छान वाढल्या आहेत, अशीच घेत राहा. त्यांना मी गालांचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, काही जणांच्या अंगातली चरबी या औषधानं इकडची तिकडे होते, त्रास वाढला तर सांग. बाहेर एवढी मोठी रांग होती, की मी आणखी काही विचारलं नाही.

एक गंमत सांगते. पिरंगुटला नवी चोळी शिवायला टाकली होती. दंडात ढगळ झाली आणि पोटावर हूक लागेना. शिंप्याला बोलले, तर तो म्हणतो, बाई, माप तुमचं तुम्हीच दिलंय, कापडाला कशाला दोष देता.

लाडू रोज खाते. तुम्ही सांगितलं त्याहून जास्तच खाते, कारण तुमचं पत्र वाचल्यापासून आरशात बघायची भीती वाटते. हल्ली तहान फार लागते आणि पायांना मुंग्या येतात. डिंक उष्ण असतो, त्यानं असेल.

डबा भैरूदादांकडे परत दिला आहे. रिकामा देऊ नये म्हणून त्यात इंद्रायणी तांदूळ घातला आहे. जान्हवी मॅडमना नमस्कार सांगा.

तुमची
गौतमी


नांदे
२० जानेवारी २००७

गौतमी,

तुजं पत्र पुस्तकावानी असतंय. गोड गोड लिवतीस आन कामाचं तेवढं लपवतीस.

काल आमच्याकडं हळदीकुंकू झालं. तुमच्या शेजारची लीलाबाई हितं लेकीकडं आली व्हती, तिलाबी बोलावलं. वान घेता घेता सगळ्या बायकांत मला म्हनली, "अनसूये, तुज्या वहिनीचं पोट पुढं आलंय. चार-पाच म्हैनं तरी झालं असत्याल. चंद्रकांत जाऊन किती वरसं झाली म्हनायची?" माज्या हातातला कुंकवाचा करंडा खाली पडला.

चोळीचं हूक का लागत न्हवतं, ते आत्ता कळलं मला. आन मी येडी हितनं तुपातलं लाडू धाडत बसले. कुनासाठी धाडत व्हते मी?

कोन हाय तो? फार्महाऊसवरचा राखनदार हाय का? तरी मी आईला म्हनलं व्हतं, तितं कामाला धाडू नको. आन तुज्या रक्तात काय हाय, ते तुला ठावं न्हाई का? कुनाला वढलंस त्यात? जे मूल जन्माला यील त्याचं काय व्हनार, येवढा तरी इचार केलास का? माज्या भावानं चूक केली आन मेला. तुला दवाखाना मिळाला, गोळ्या मिळाल्या, जीव ऱ्हायला, आन त्या जिवाचं तू हे केलंस.

लीलाबाईसंगच आईला निरोप धाडलाय. हिचं तोंड काळं झालंय, हिला चुलीला शिवू देऊ नको, पाव्हन्यारावळ्यांत आनू नको. बायका बसल्या व्हत्या, पन माज्या तोंडातनं निघून गेलं. निघालं ते बरंच झालं.

डबा आता परत धाडू नको.

अनसूया


रिहे
६ फेब्रुवारी २००७

अनसूयाबाई,

तुमचा निरोप पोचला. लीलाबाईंनी तो आधी नळावर सांगितला, मग दूधगाडीपाशी, आणि शेवटी आमच्या ओट्यावर. आईंपर्यंत येईतो त्यात राखणदाराचं नावही आलं होतं. तो बिचारा साठीचा आहे, त्याला डोळ्यांनी नीट दिसतही नाही.

मला दिवस गेलेले नाहीत. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

हे गोळ्यांचं पोट आहे. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसते, तिचंही असंच आहे. हातपाय वाळलेले, पोट पुढं, मानेमागं मांसाचा उंचवटा. तिनं मला समजावलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंचं बोलणं कळलं. या गोळ्यांनी जीव राहतो, पण गालांतलं, दंडांतलं, मांड्यांतलं निघून जातं आणि पोटावर येऊन बसतं. सगळ्यांचं होत नाही. माझं झालं.

ह्यांचा आजार मलाही आहे असं कळलं, त्या दिवशी आई माझ्या ताटात जेवल्या होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. "माज्याच लेकानं दिलेलं हाय, त्यात तुजा काय दोष," असं म्हणाल्या होत्या आणि माझ्या ताटातला भात त्यांनी खाल्ला होता. तुमचा निरोप आला त्या दिवशी त्यांनी माझं ताट वेगळं केलं. आता मी ओट्यावर जेवते. आजारानं जे झालं नाही ते तुमच्या एका वाक्यानं झालं.

आईंना गोळ्यांचं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी पोट येतं हे कधी ऐकलं न्हाई, आन माजी लेक उगीच बोलायची न्हाई. गावाला तर काही सांगताच येत नाही. गोळ्यांचं पोट म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कसल्या गोळ्या? हे बालंट घालवायचं तर आजार सांगावा लागतो, आणि आजार झाकायचा तर हे बालंट अंगावर घ्यावं लागतं. मूल होणार नाही हे पुढं सगळ्यांना दिसेलच, पण तेव्हा म्हणतील, पाडलं.

म्हणून मी गोळ्या बंद केल्या आहेत. डबी तांदळाच्या कणगीत तळाशी घालून ठेवली आहे. गोळ्यांनी आलेलं पोट गोळ्या थांबल्यावर जाईल. चैत्रात गावची जत्रा आहे, सगळ्या माहेरवाशिणी येतात. भाऊजींना विचारून तुम्हीही या. माझं पोट बघा, आणि मग हळदीकुंकवाला सांगितलंत तसंच बायकांत सांगा.

गौतमी


नांदे
११ फेब्रुवारी २००७

गौतमे, बाळा,

तुजं पत्र वाचत व्हते. चुलीवर दूध व्हतं, ते सगळं उतू गेलं, मला कळलंबी न्हाई.

गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू कर. पत्र हातात पडंल तवाच कनगीत हात घाल. तुज्या पोटाचं मी काय ते बघते. चंद्रकांतनं औषध सोडलं व्हतं आन त्याचं काय झालं, ते तू मी दोघींनी बघितलंय. त्याची मान मांडीवर घिऊन मी बसले व्हते. मला आनखी येकदा तसं बसाय लावू नको.

मला न्हाई गं ठावं, गोळ्यांनी आसं व्हतंय म्हनून. पन इचारायचं तरी व्हतं तुला. आदी तुला इचारलं आसतं तर काय बिघडलं आसतं माजं? मला तर तू लाडक्या भावाची बायको, आन मी लीलाबाईचं खरं मानलं. चार बायका तोंडाकडं बघत बसल्या व्हत्या, आन आपलं घरानं कसं, आपन कशा, हे दावायची खुमखुमी व्हती मला, दुसरं काय. वान लुटताना तुला लुटली मी.

मी उद्याच लीलाबाईला गाठून खरं सांगते. आजार सांगितला तर सांगितला. निदान तुज्या चालीवर तरी कुनी बोट ठिवनार न्हाई. तू फकस्त "हो" म्हनून चिट्ठी धाड.

गोळ्या खा.

अनसूया


रिहे
२४ फेब्रुवारी २००७

वन्सं,

नको. लीलाबाईंना काही सांगू नका. माझी शपथ आहे.

वाईट चालीची बाई म्हटलं, तर गाव चार महिने बोलतं आणि दुसरीचा विषय निघाला की तिकडं वळतं. पण तो आजार सांगितला तर कायमचं. फार्महाऊसवर माझ्या हातची भाकरी कोण खाईल? नळावर हंडा लावू देतील का? आईंच्या ओट्यावर कोण बसेल? आणि ह्यांचं नाव इतकी वर्षं झाकून ठेवलं आहे. कावीळ म्हणून दहाव्याला सगळं गाव जेवलं होतं. तुमच्या मनाचं ओझं हलकं करायला मला उघडी पाडू नका.

पाकिटात सुतळी घातली आहे. गोळ्या बंद केल्या त्या दिवशी ती पोटाभोवती घेऊन गाठ मारली होती. रोज आंघोळीच्या वेळी लावून बघते. गाठ अजून तिथंच येते. दिवस गेले असते तर एव्हाना सुतळी अपुरी पडली असती. तुमचा विश्वास बसावा म्हणून पाठवते. पण कमीही झालेलं नाही, हेही तुम्हाला दिसेल. थोडी वाट बघायची. गाल तर आणखी आत गेले.

अंगात कणकण असते. तोंडात पांढरं आलं आहे, भात गिळताना घसा दुखतो. तहान मात्र भागत नाही, हंडाभर पाणी पिते. आई ओट्यावर ताट ठेवून आत जातात आणि दाराआडून बघत राहतात, मी जेवते की नाही.

जत्रा झाली की गोळ्या घेईन. तुम्ही काळजी करू नका.

गौतमी


नांदे
२२ मार्च २००७

गौतमे,

तू दवाखान्यातनं घरी आलीस, आसं भैरू म्हनला. दवाखान्यात तुज्याशी बोलाय सवड गावली न्हाई, तू तापात व्हतीस. आन आता रिह्यात मला पाय ठिवता येत न्हाई. का येत न्हाई, ते तुज्या कानावर आलंच आसंल. पन माज्या तोंडानंबी ऐक.

तुजी सुतळी हातात पडली, आन मी ती माज्याच पोटाला लावून बघितली. मंग जान्हवी मॅडमनं तिच्या कंपनीच्या गाडीवाल्याला बोलावलं, आन आमी दोघी मालकांना न सांगता निघालो. तू ओट्यावर पडली व्हतीस. अंग तव्यावानी तापलं व्हतं आन तू मला "डबा परत दिलाय" म्हनत व्हतीस. आईचा हात धरून मी तुज्या पोटावर ठिवला. सुतळी गुंडाळून दावली. म्हनलं, आई, ह्यात मूल न्हाई, माजी जीभ हाय. आईनं तुजं ताट उचललं, घासलं आन आत आपल्या ताटावर निऊन ठिवलं.

मंग त्याच गाडीत तुला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईंनी मला तुज्या देखत आत घेतलं, तुला आठवत नसंल. म्हनल्या, गोळ्या आशा मनानं थांबवल्या की आजार वर येतोय आन तीच गोळी परत लागू पडंल का, ह्याची खात्री न्हाई. पोट तर गोळ्या सोडून लगेच जातच न्हाई. ही पहिली गोळी आसं करती, ते त्यांस्नी ठावं हाय, दुसरीबी हाय त्यांच्याकडं. म्हनल्या, मला येऊन सांगितलं आसतं तर कवाच बदलून दिली आसती. मंग कागद बघितला आन इचारलं, साखर येवढी कशी वाढली, घरात गोड कोन खातंय? औषधानं काहींची साखर चढती, पन हिची लईच चढलीया. मी लाडवांचं सांगितलं. बाई नुसत्या कागदावर लिवत बसल्या. त्या मला वरडल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

म्हंजी तुला तहान लागायची ती माज्या लाडवांनी. ताप आला तो माज्या निरोपानं. चांगलं वागले तरी तुला बाधलं, आन वंगाळ वागले तरी तुलाच बाधलं.

दुसऱ्या दिशी तुमच्या नळावर गेले. लीलाबाई व्हती, तिची सून व्हती, आनखी बायका व्हत्या. तुजी शपथ मोडली न्हाई, त्या आजाराचं नाव काढलं न्हाई. म्हनलं, "लीलाबाई, हळदीकुंकवाला मी बोलले ते कपटानं बोलले. तिला दिवस न्हाईत. तिला शुगर झालीया. त्यानं हातपाय वाळल्यात आन पोट सुटलंय, डॉक्टरचा कागद हाय. मला ते आदीच ठावं व्हतं."

ती म्हनली, "मंग असं कसं गं बोललीस?"

म्हनलं, "आमच्या वड्याकाठच्या भाताच्या खाचरांना आता भाव आलाय. आईनं हिला हाकलली आसती, तर म्हातारीच्या माघारी शेत माजं झालं आसतं."

गौतमे, तिला येक घटकाबी शंका आली न्हाई. समद्यांनी मान डोलावली. हल्ली घरोघर भनी वाटा मागाय हुब्या ऱ्हात्यात, त्यात मी येक. लीलाबाई माज्या तोंडावर थुकायची तेवढी बाकी ऱ्हायली. म्हनली, "सख्ख्या भावाच्या बायकूवर असलं बालंट? तुज्या तोंडात किडं पडत्याल." मी खाली मान घालून ऐकलं. खाचरांचं सोडलं तर तिचं बाकी सगळं खरंच व्हतं, म्हनून ऐकायला जड गेलं न्हाई.

हितं मालकांच्या कानावर गेलं. आदी तुला दवाखान्यात नेलं म्हनून चिडलं, मंग म्हनत्यात, बोललीसच हायेस तर मागूनच टाकू वाटा. म्हनलं, माज्या भावाच्या शेताकडं बघितलंत तर तुमच्या भाड्याच्या खोल्यांच्या टाकीत उद्यापास्नं पानी तुमीच चढवा. तवापास्नं वाट्याचं नाव काढलं न्हाई.

आईला खरं ठावं हाय, पन तिलाबी गप ऱ्हायला सांगितलंय. लेकीला शिव्या बसत्याल तवा तिनंबी दोन द्याव्यात.

सुतळी माज्याजवळ हाय. मला माफ कर आसं लिवनार व्हते, पन लिवून खोडलं. तू मागनं कवातरी सांग.

अनसूया


रिहे
२८ मे २००७

वन्संना गौतमीचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. नव्या गोळ्या सुरू केल्यावर मळमळायचं, उठवत नव्हतं. आता अंगवळणी पडल्या आहेत. या गोळीनं रक्त कमी होतं का, ते बघायला दर महिन्याला बोलावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाल पूर्वीसारखे भरतील असं मी सांगणार नाही, पण आणखी बसणार नाहीत. पोट आहे तेवढंच आहे. पेशी खाली गेल्या होत्या, त्या परत वर यायला लागल्या आहेत. पायांच्या मुंग्या राहिल्या आहेत. त्या राहतीलही, म्हणाल्या.

आई आणि मी आत जेवतो. त्या अजून माझ्याशी फारसं बोलत नाहीत. पण परवा जेवताना माझ्या ताटातला भाताचा घास उचलून त्यांनी खाल्ला, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

एक मोठी सोय झाली. पूर्वी मी गोळी कणगीमागं जाऊन घ्यायची, आता सगळ्यांसमोर घेते. गावात सगळ्यांना माहीत आहे की मला शुगर आहे. शुगरची गोळी घेते तिच्याबरोबर दुसरीही घेते, कुणी विचारत नाही. उलट लीलाबाई कुंपणावरून आठवण करतात, "गौतमे, गोळी घेतलीस का गं? माज्या दिराला बी हाय शुगर, लई वंगाळ." त्यांनी मला मेथीचे दाणे आणून दिले. शिंपीदादांनी नव्या मापाची चोळी शिवून दिली आणि हसले नाहीत.

फार्महाऊसवर पुन्हा जायला लागले आहे. राखणदार मामांना मी पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला. त्यांना काही समजलं नाही.

माफीचं तुम्ही लिहून खोडलंत, ते बरं केलंत. आत्ता विचारलंत तर मला खरं उत्तर देता येणार नाही. तापात पडले होते ते मी विसरेन, पण ओट्यावरचं ताट विसरणार नाही. तुम्ही नळावर जे केलंत, ते मी सांगितलं नव्हतं, आणि सांगूही शकले नसते. सुतळी टाकून द्या.

आता माझ्याच मनाला जे लागलं आहे ते सांगते, कारण तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

जत्रेला सगळ्या माहेरवाशिणी आल्या. तुम्ही नव्हतात. ओटीला आणलेला तुमच्या नावचा खण आईंनी घडी करून पेटीत ठेवला. देवळापाशी बायका तुमच्याबद्दल बोलत होत्या. खाचरांसाठी वहिनीवर उठली, अशी नणंद वैऱ्यालाही मिळू नये, म्हणत होत्या. मला वाटलं, काहीतरी बोलावं. पण काय बोलणार? एक शब्द खरा बोलले असते, तर पुढचा प्रश्न आला असता. मी नारळ फोडला आणि घरी आले.

तेव्हा मी निदान गप्प होते. काल नळावर लीलाबाईंनी माझा हंडा स्वतः भरला. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून बघितला, शुगरनं कसं खाऊन टाकलंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुज्या जिवावर उठली व्हती गं ती अनसूया. देव तिला बघंल. व्हय का न्हाई?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "व्हय."

हंडा घेऊन घरी आले. आई दारातच होत्या, त्यांनी विचारलं, काय म्हणत होती लीला? मी सांगितलं, काही नाही, शुगर कशी आहे म्हणून विचारत होत्या.

तुमची
गौतमी